घर माणसांनी भरलेलं, तरी आईला आधार नाही असं कसं?

प्रश्न ठाण्याच्या एका वाचक भगिनींचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मुलगा तीन-साडेतीन वर्षांचा. आई त्याला जवळजवळ रोज मारते, आमच्या स्वयंपाकघरात आवाज ऐकू येतो. ज्या आईवडिलांना माणसांचा आधार नसतो त्यांच्या हातून मुलांचे हाल होतात, असं मध्यंतरी वाचलं. पण या घरात सासू-सासरे आहेत, नणंद जवळच राहते, पाहुण्यांची वर्दळ असते. मग आधाराचा आणि मारहाणीचा खरंच संबंध आहे का? आणि आम्ही शेजाऱ्यांनी काय करावं?"

आधी तातडीचं सांगते. त्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर किंवा पाठीवर वळ दिसले, भाजल्याच्या खुणा दिसल्या, ते लंगडत चालताना किंवा एकदम मलूल झालेलं दिसलं, तर पुढचं वाचत बसू नका. १०९८ ला फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर थेट ११२. खात्री असल्याशिवाय फोन कसा करायचा, असं मनात आणू नका. खात्री करून घेणं हे त्यांचं काम आहे.

आता प्रश्नाकडे. मी चोवीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होते, त्यातली बहुतेक बालरोग विभागात गेली. सध्या कुटुंब समुपदेशन करते. माझं उत्तर असं: संबंध आहे आणि तो घट्ट आहे. फक्त घरातली डोकी मोजून तो कळत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पाच महिन्यांचं बाळ दाखल झालं, मांडीचं हाड मोडलेलं. आई म्हणाली, पलंगावरून पडलं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं, कारण ज्याला अजून रांगताही येत नाही त्याचं मांडीचं हाड बुटक्या पलंगावरून पडून सहसा असं मोडत नाही.

आई बावीस वर्षांची. जालन्याकडची, लग्न होऊन चाकणच्या बाजूला आलेली. पत्र्याची एकच खोली. नवरा कंपनीत कंत्राटावर, कायम रात्रपाळी, म्हणजे दिवसा त्याला झोप हवी. बाळ दुपारी रडायला लागलं की ती त्याला घेऊन बाहेर जिन्याखालच्या सावलीत उभी राहायची, तास-तासभर. मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला, मधोमध गोल काढून त्यात तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, "रात्री दोनला बाळाला ताप भरला तर कुणाचं दार वाजवशील? त्यांची नावं लिही." पेन हातात धरून ती बराच वेळ बसली. मग लिहिलं, 'किराणावाले भाऊ'. ते का? तर त्यांच्याकडे टेम्पो आहे, आणि एकदा त्यांनी विचारलं होतं, बाळ कसं आहे म्हणून. आणखी कुणी? कुणी नाही. माहेरचं कुणी? "आईला फोन केला तर ती म्हणते, आम्ही नाही का पोरं वाढवली."

तिसऱ्या दिवशी ती खरं बोलली. सलग तीन रात्री झोप नव्हती. लंगोट बदलताना बाळ पाय झाडत होतं, आतून नवरा ओरडला, आणि तिने तो पाय पिरगळला.

मी तिला निर्दोष म्हणत नाही. हाड बाळाचं मोडलं होतं, आणि नियमाप्रमाणे पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला कळवलं गेलं. पण तो कागद मी विसरू शकले नाही. पुढे जिथे जिथे मुलाला इजा झालेली असायची, तिथे मी आईवडिलांना तोच प्रश्न विचारू लागले. बहुतेक कागदांवर दोनपेक्षा जास्त नावं येत नसत. ज्यांच्या घरी सात-आठ माणसं आहेत त्यांच्याही कागदांवर. तुमच्या प्रश्नाची गाठ नेमकी इथे आहे.

यावर बाहेर चांगला अभ्यास झालेला आहे. जेम्स गार्बारिनो आणि डेबोरा शर्मन या अमेरिकन संशोधकांनी ओमाहा शहरातल्या दोन वस्त्या निवडल्या. उत्पन्न सारखंच बेताचं. तरी एका वस्तीत मुलांच्या हेळसांडीची आणि मारहाणीची प्रकरणं अपेक्षेपेक्षा खूप जास्त, दुसरीत कमी. त्यांनी आयांशी बोलणं केलंच, शिवाय शाळेचे मुख्याध्यापक, पोस्टमन अशा रोज दारोदार फिरणाऱ्या, रोज मुलं पाहणाऱ्या लोकांनाही विचारलं. फरक पैशाचा निघाला नाही. एका वस्तीत शेजारीण शेजारणीचं मूल सांभाळत होती, मागायला आणि द्यायला कुणाला संकोच नव्हता. दुसरीत प्रत्येक घर स्वतःच इतकं ओढाताणीत होतं की दुसऱ्याला द्यायला काही उरतच नव्हतं. हा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातल्या रॉबर्ट वाहलर या संशोधकांनी वेगळ्या अंगाने पाहिलं, आणि तुमच्या वरच्या मजल्यासाठी मला तेच जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी गरीब घरांतल्या, मुलांशी सतत खटके उडणाऱ्या आयांचे एकेक दिवस तपासले: आज ती कुणाकुणाशी बोलली, ते बोलणं कुणी सुरू केलं, कसं झालं. ज्या दिवशी मैत्रिणीशी बोलणं झालं त्या दिवशी ती मुलाशी कमी तुटकपणे वागली. पण या आयांची बरीचशी बोलणी मैत्रिणींशी होतच नव्हती. ती होती नातेवाइकांशी आणि सरकारी मदत-कार्यालयांतल्या लोकांशी. ती समोरच्यांनी सुरू केलेली असायची आणि आईला नकोशी वाटणारी असायची. अशा आयांना मुलांशी वागण्याचं प्रशिक्षण दिलं, ते चालू असेपर्यंत सुधारणा दिसली. प्रशिक्षण संपलं आणि गाडी पुन्हा मूळ रुळावर आली.

आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. मूल जेवत नाही, ताट ढकलतं. सासू म्हणते, "तुझ्या लाडानेच शेफारलाय." नणंद म्हणते, "आमचा सोनू नाही बाई असं करत." नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता, "गप्प कर ना त्याला." त्या खोलीत चार मोठी माणसं आहेत, पण घास भरवणारी एकच, आणि तिची परीक्षा घेणारे तिघे. अशा वेळी पडणारी थप्पड पुष्कळदा मुलासाठी नसतेच. ती प्रेक्षकांसाठी असते, मी लाड करत नाही हे दाखवण्यासाठी. हे मला आयांनीच सांगितलं आहे, एकीने नाही, कितीतरी जणींनी. एकीचं वाक्य असं होतं: "घरी कुणी नसलं की मी त्याला कधीच मारत नाही, मॅडम." माणसांनी भरलेल्या घरात मार का वाढतो, हे याहून स्पष्ट मला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मी आधार ओळखायला तीनच प्रश्न विचारते. हे मूल दोन तास कुणाकडे सोडता येईल, नंतर टोमणा न ऐकता? आज मी हात उचलला हे कुणाला सांगता येईल, त्याची गावभर चर्चा न होता? आणि महिनाअखेरीला पाचशे रुपये लागले तर कुणाकडे मागता येतील? तिन्हींची उत्तरं 'कुणीच नाही' अशी आली तर ती बाई एकटी आहे, मग घरात कितीही माणसं असोत.

आपल्याकडे आधाराची पद्धत नाही असं मुळीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, शेक-शेगडी, मालिशवाल्या बाई, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, सव्वा महिना हातात काम नाही. ज्याने कुणी हे बसवलं त्याला बाळंतिणीची हाडं आणि मन दोन्ही ठाऊक होतं. अडचण पुढे येते. तीन महिन्यांनी ती सासरी परतते आणि सगळं एका दिवसात थांबतं. येणारे-जाणारे बाळाला बघायला येतात, हातात टोपडं-झबलं घेऊन, आणि तिला विचारतात, "दूध पुरतंय ना?" ती झोपते का, हे कुणी विचारत नाही. भारतातल्या बाळंतिणींवर झालेले निरनिराळे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो अंदाज काढला गेला, त्यानुसार सुमारे २२ टक्के जणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य येतं. म्हणजे जवळजवळ पाचात एक. परदेशातल्या मराठी घरांतही हेच चित्र आहे. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर येते आणि परत जाते, त्यानंतर माझ्याकडे ऑनलाइन येणाऱ्या आयांचे फोन सुरू होतात.

बापाविषयी बोलायला हवं, कारण अशा चर्चेत तो नेहमी सुटतो. मुलांना बापही मारतात, आणि पुष्कळ घरांत जास्त जोरात. काम सुटलेला, गावाकडून शहरात आलेला, कर्जात असलेला बाप आपली अडचण कुणाजवळही बोलत नाही. त्याला मित्र असतात, पण ते बसायला, प्यायला. 'पोरगं ऐकत नाही, माझा तोल जातो' असं तो त्या टोळक्यात कधीही म्हणणार नाही. आमच्या पालकांच्या गटात आम्ही पुरुषांना वेगळं बसवायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने फक्त पगार आणि क्रिकेट यावर बोलणं झालं. तिसऱ्या महिन्यात एकाने सांगितलं की मुलीला मारल्यावर तो संडासात जाऊन रडतो. त्यानंतर बाकीचे बोलले. आणि दुसरी बाजूही खरी: आईच्या हाताला लगाम घालणारा सगळ्यात मोठा आधार नवराच असतो, तो संध्याकाळी मुलाला अर्धा तास खाली घेऊन गेला तरी. मी सुरुवातीला सांगितलेल्या केसमध्ये सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल, तर नवऱ्याची पाळी बदलल्याने. सुपरवायझरशी बोलायला मी स्वतः गेले होते. ते माझ्या कामात बसत होतं की नाही, याचा मी विचार केला नाही.

आधार बाहेरून आणून देता येतो का? येतो. डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात १९७८ मध्ये सुरू केलेला प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पहिलटकरणींच्या घरी परिचारिका जायची, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. बाळाबद्दल बोलायची, आईबद्दलही बोलायची, तिच्या आईला-मैत्रिणीला सोबत बसवायची. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा या घरांतल्या मुलांच्या मारहाणीच्या आणि हेळसांडीच्या नोंदी, ज्यांच्याकडे परिचारिका गेली नव्हती त्यांच्या मानाने जवळजवळ निम्म्या होत्या.

हे वाचलं की मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाच्या घरी पाठवलं, अर्भकं वाचवून दाखवली, आणि तीच कल्पना आज आशाताईंच्या घरभेटींत आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. म्हणजे प्रत्येक खेड्यात दारापर्यंत पोहोचणारं माणूस आपल्याकडे आहे. भर बाळाच्या वजनावर, तापावर, दुधावर असतो. त्याच भेटीत 'तू कशी आहेस, मुलावर राग अनावर होतो का, जवळ कोण आहे' एवढं विचारायला दहा मिनिटं पुरतात. आशाताईंच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात तेव्हा मी हे प्रत्येक वेळी सांगते. त्यांच्यावर कामाचा डोंगर आहे आणि मानधन तुटपुंजं, हे माहीत असूनही सांगते.

आता मर्यादा. आधाराने सगळं सुटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एल्मायराच्याच अभ्यासात पुढे दिसलं की ज्या घरांत बाईला स्वतःला वारंवार मारहाण होत होती, तिथे परिचारिकेच्या भेटींचा हा फायदा दिसेनासा झाला. तिथे आधी बाईची सुटका, मग बाकीचं. म्हणून वरच्या घरातून फक्त मुलाचाच आवाज येतो का, तिचाही येतो, याकडे कान द्या.

लैंगिक अत्याचाराचा विषय पूर्ण वेगळा आहे. त्याला 'बिचारी दमलेली आई' हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात अशा प्रकरणांतले निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. माणसांचं वर्तुळ मोठं असणं इथे उलट धोक्याचंही असू शकतं. पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्याच अहवालात घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. म्हणून 'परक्यापासून सावध' एवढंच शिकवून आपलं भागत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आधार नाही म्हणून माणूस मारतो, की तापट असल्यामुळे माणसं त्याच्यापासून लांब गेलेली असतात? दोन्ही होतं. नैराश्यात असलेल्या बाईला असलेला आधारही दिसत नाही, दारावर कुणी आलं तरी ती उघडत नाही. त्यामुळे तुम्ही हात पुढे केलात आणि तिने झिडकारलं, तर लगेच 'आम्ही प्रयत्न केला' म्हणून सुटून जाऊ नका.

तर तुम्ही काय करावं. मार चालू असताना वर जाऊन उपदेश करू नका. बेल मात्र वाजवा. काहीही निमित्त चालेल: "दही विरजायला थोडं विरजण आहे का?" दार उघडेपर्यंत हात थांबतो, आणि तेवढ्यात तुम्हाला मूल दिसतं. दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, ती एकटी असताना बोला. "का मारता?" हा प्रश्न नको. "माझा धाकटा या वयात असाच होता, मी रडकुंडीला यायचे," असं काही तुमच्या बाबतीत खरं असेल ते सांगा. मग थेट, ठरावीक वेळेची मदत: "मी पाचला खाली जाते, त्याला नेऊ का? सहाला आणून सोडते." 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य निरुपयोगी आहे. ज्याला मागताच येत नाही त्याच्यावरच ते मागायचं ओझं टाकतं. तुमचा एक तास रोज नको, आठवड्यातून तीन दिवस पुरे, पण चुकवू नका.

सासूबाईंकडे तक्रार करू नका, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नको. त्याची किंमत मूल चुकवेल. सासूबाईंशी ओळख असेल तर वेगळ्या वाटेने जा: "तुम्ही दुपारी त्याला गोष्ट सांगता का? तुमच्याजवळ तो किती शांत बसतो." आजीला कामाचा वाटा मिळाला की परीक्षकाची खुर्ची आपोआप थोडी मागे सरकते. हे मी होताना पाहिलं आहे.

तिचा विश्वास बसला तर एक गोष्ट शिकवा. डोक्यात रक्त चढलं की मुलाला सुरक्षित जागी ठेवायचं, कड्या-गॅस-खिडकी बघायची, आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. मूल पाच मिनिटं रडलं तर त्याचं काही बिघडत नाही. आणि तिला बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

मार चालूच राहिला, वाढला, तर १०९८ ला कळवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलावरच्या क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तक्रार म्हणजे लगेच मूल उचलून नेतात, असं नसतं. मूल शक्यतो कुटुंबातच राहावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्याच कायद्याचं तत्त्व आहे. बाल कल्याण समिती समुपदेशन लावते, घरावर देखरेख ठेवते.

आणि फोन केल्यानंतरही तिच्याकडे जाणं सोडू नका. एका वसाहतीत मी तक्रारीनंतर सहा महिने घरभेटींना जात होते. तक्रार झाल्याबरोबर सगळ्यांनी त्या बाईशी बोलणं टाकलं, लिफ्टमध्ये तोंड फिरवायचे. तळमजल्यावरच्या एक आजी तेवढ्या गुरुवारी तिच्या मुलीला हाक मारून देवळात न्यायच्या आणि येताना शेंगदाण्याची पुडी हातात देऊन परत आणायच्या. ती बाई मला पहिल्यांदा मनातलं बोलली ती एका गुरुवारी, मुलगी देवळात गेलेली असताना.